गाडी नक्की कुठे आहे?

मोबाईलमधल्या निळ्या ठिपक्याची आपल्याला इतकी सवय झालीय, की "एवढी मोठी ट्रेन कुठे आहे हे कळायला काय कठीण आहे?" असं कुणालाही वाटेल. त्यात रूळ जमिनीला ठोकलेले, गाडी भरकटणार तरी कुठे? म्हणजे प्रश्न रिक्षा शोधण्यापेक्षा सोपाच असायला हवा. पण या 'सोप्या' प्रश्नात रेल्वेची दीडशेहून जास्त वर्षं गेली आहेत. आणि दुर्दैवाने यातल्या बऱ्याच पायऱ्या अपघातानंतरच चढल्या गेल्या.

सुरुवातीला सेन्सर एकच होता, घड्याळ! एक गाडी सुटली की ठरावीक मिनिटं थांबायचं आणि दुसरी सोडायची. पहिली एव्हाना पुढे गेली असणार, हा अंदाज. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे हा अंदाज चुकला. मुलांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडकली. गाडी दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी वर न्यायचा असं कर्मचाऱ्यांनी ठरवलं. सुटा झालेला मागचा भाग उताराने उलटा घरंगळत गेला आणि वीस मिनिटांनी सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून 'एका टप्प्यात एकच गाडी' ही ब्लॉक पद्धत सक्तीची केली.

या अपघातात अजून एक धडा आहे. इंजिन कुठे आहे हे कळलं म्हणजे गाडी कुठे आहे हे कळलं असं नाही. शेपूट कुठे आहे? आपल्याकडे शेवटच्या डब्यावर मोठी फुली आणि 'एल व्ही' अशी पाटी असते ती याचसाठी. ती पाटी दिसली, तर गाडी अख्खी आली. नाही दिसली, तर काही डबे मागे ब्लॉकमध्येच राहिले असं धरायचं.

ब्लॉकमध्ये गाडी आहे की नाही, हे यंत्राने ओळखायची युक्ती त्याआधीच निघाली होती. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रुळातून वीज वाहतेय तोवर रिले उचललेला राहतो आणि सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, वीज तिथूनच परत फिरते, रिले पडतो आणि सिग्नल लाल. खरी गंमत पुढे आहे. वायर तुटली? लाल. बॅटरी संपली? लाल. यंत्र बिघडलं, तर ते "गाडी आहे" असंच सांगणार! आपण सॉफ्टवेअरवाले एक्सेप्शन गिळून 'सगळं ठीक' असं परत पाठवतो, तेव्हा रॉबिन्सनची आठवण काढावी.

पण ट्रॅक सर्किट फक्त "या तुकड्यात गाडी आहे" एवढंच सांगतं. तुकड्यात नेमकी कुठे, ते नाही. त्यासाठी गाडीवरच सेन्सर हवेत.

इथे आपली कोकण रेल्वे येते. २ ऑगस्ट १९९९ ला पश्चिम बंगालमध्ये गैसलला दोन एक्सप्रेस गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या आणि २८५ हून अधिक लोक गेले. त्यानंतर कोकण रेल्वेत बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी यंत्र तयार झालं. इंजिनावर जीपीएस आणि रेडिओ. गाड्या एकमेकींशी बोलणार आणि धोका दिसला की ब्रेक लागणार. कोकण रेल्वेवर आणि ईशान्य सीमा रेल्वेच्या सतराशेहून अधिक किलोमीटर मार्गावर ते बसलं.

अडचण मात्र साधीच होती. शेजारशेजारच्या दोन रूळमार्गांमध्ये जेमतेम चार-पाच मीटर अंतर असतं. जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढली, तरी साध्या रिसीव्हरची चूक बरेच मीटर उरलीच. ठाणे-दिवा दरम्यान सहा मार्ग आहेत, तिथे ठिपका स्लोवर आहे की फास्टवर, काय सांगणार? सांध्यावरून गाडी किंचित बाजूला सरकते, त्या सरकण्याचा हिशेब ठेवून रूळ ओळखायचा प्रयत्न राजाराम यांनी केला. कल्पना भन्नाट! पण जास्त मार्गांच्या, गजबजलेल्या भागात गरज नसताना ब्रेक लागण्याचा त्रास राहिला.

आता कुणी म्हणेल, अजून सेन्सर जोडा आणि काल्मन फिल्टर लावा. रुडॉल्फ काल्मनने १९६० मध्ये मांडलेलं हे गणित अपोलोच्या प्रवासातही वापरलं गेलं. प्रत्येक मोजमापाला त्याच्या भरवशाप्रमाणे वजन द्यायचं. "किती पुढे आलो?" या प्रश्नाला हे मस्त चालतं. पण "कुठल्या रुळावर?" हा प्रश्न वेगळाच आहे. एक सेन्सर म्हणतो डावा रूळ, दुसरा म्हणतो उजवा. सरासरी काढली तर गाडी मधल्या खडीवर!

म्हणून रेल्वेने काम वाटून टाकलं. युरोपच्या ईटीसीएसमध्ये रुळांमध्ये बलीझ नावाच्या चकत्या असतात, आपल्या 'कवच'मध्ये स्लीपरवर आरएफआयडी टॅग. टॅग सांगतो, "हा अमुक रूळ, हे अमुक ठिकाण". त्यात शंकेला जागाच नाही. पुढच्या टॅगपर्यंत चाकांचे फेरे मोजायचे. चाकं झिजतात, पावसात घसरतात, म्हणून चूक वाढत जाते. पण ती किती वाढू शकते, याला मर्यादा ठरवलेली असते. ईटीसीएसचा नियम आहे ५ मीटर अधिक कापलेल्या अंतराच्या ५ टक्के. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यात, जिथे उपग्रह दिसतच नाहीत, टॅगशिवाय ही मर्यादा ३३० मीटर होईल. मध्ये टॅग लावत गेलं की प्रत्येक टॅगला हिशेब पुन्हा शून्यापासून.

थोडक्यात, रेल्वेला "गाडी बहुधा इथे आहे" असं उत्तर नकोच असतं. तिला हवं असतं, "गाडी या दोन खुणांच्या बाहेर नक्की नाही". निळा ठिपका पहिलं उत्तर देतो. जीव अवलंबून असतात ते दुसऱ्यावर.

कवच २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलं गेलं. २०२४ अखेरीस ते दीड हजार किलोमीटरच्या आसपास मार्गावर होतं, आणि आपलं रेल्वेचं जाळं ६८ हजार किलोमीटरच्या वर. गणित दीडशे वर्षांत सुटत आलंय. उरलंय ते टॅग ठोकायचं काम, आणि त्यासाठी पुढच्या अपघाताची वाट बघायची काहीच गरज नाही.