‘अनल मलिक’ ते ‘जय भीम, जय मीम’ : नांदेड-लातूर परिसरातील राजकीय रूपके

राजकीय भाषणातील रूपक हा केवळ अलंकार नव्हे. विखुरलेल्या श्रोत्यांना ‘आपण’ ही जाणीव ते देते. मात्र त्या ‘आपण’ची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. या दृष्टीने नांदेड व लातूर येथील मुस्लिम समाजाचा इतिहास उद्बोधक आहे.

हैदराबाद संस्थानात मुसलमान अल्पसंख्य, परंतु राज्यकर्ता निजाम होता. १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनने बहादुर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली ‘अनल मलिक’, म्हणजे ‘मी राजा आहे’, हे सूत्र मांडले. त्यायोगे जहागीरदार आणि कारागीर हे दोघेही एकाच सिंहासनाचे भागीदार ठरले. १९४४ मध्ये बहादुर यार जंग निवर्तले. १९४६ मध्ये लातूर येथील वकील कासिम रझवी अध्यक्ष झाले. बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाचे त्यांचे १९४८ मधील उद्गार प्रसिद्धच आहेत. सिंहासनाच्या रूपकाचाच हा विस्तार होय.

या रूपकाने बहुसंख्य प्रजेला परके ठरविले. रझाकारांच्या अत्याचारांनी ती दरी रुंदावली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याची परतफेड मात्र, सिंहासनाशी ज्यांचा संबंध शब्दापुरताच होता, अशा सामान्य मुसलमानांना करावी लागली. दीर्घकाळ अप्रकाशित राहिलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांचा समावेश आहे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते.

प्रौढ मताधिकार व संयुक्त मतदारसंघ आल्यावर ‘राजा’ मतदार झाला. केवळ स्वतःच्या संख्येवर विजय क्वचितच मिळत असल्याने रूपकालाही शेजाऱ्याकडे वळावे लागले. १९५८ मध्ये हैदराबादेत पुनरुज्जीवित झालेल्या मजलिसला २०१२ साली नांदेड महापालिकेत ११ जागा मिळाल्या. आंबेडकरांच्या नावाशी उर्दूतील ‘मीम’ या अक्षराची सांगड घालणारी ‘जय भीम, जय मीम’ ही घोषणा याच वळणाची द्योतक आहे. येथे सिंहासनाची जागा सोबतीने घेतली आहे. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीशी झालेली युती हे तिचे राजकीय रूप होय.

तथापि २०१७ च्या नांदेड महापालिका निवडणुकीत या पक्षास एकही जागा मिळाली नव्हती. म्हणून भाषणातील ‘आपण’ आणि मतपेटीतील ‘आपण’ यांची अभ्यासकांनी गल्लत करू नये. रूपक समाजास एकत्र आणू शकते. पण तो समाज शेजाऱ्यांमध्ये निर्भयपणे राहू शकेल की नाही, हे रूपकाच्या शक्तीवर अवलंबून नसते. रूपकाने शेजाऱ्यास कोणते स्थान दिले, यावर ते बव्हंशी अवलंबून असते.