कपाटाच्या दारामागचा शिक्का

तर झालं असं. लग्नानंतर आम्ही बाणेरला फ्लॅट घेतला. घेतला म्हणजे बँकेने घेतला, आम्ही फक्त राहायला गेलो. गृहकर्जाचा हप्ता गेल्यावर जे उरायचं त्यात बेडरूम सजवायची होती. एका मोठ्या चकाचक दुकानात गेलो. पलंग, दोन साइड टेबलं, तीन दारांचं कपाट आणि ड्रेसिंग टेबल, सगळं मिळून ६५ हजार, बारा सोपे हप्ते. "सर, टीक फिनिश आहे, आणि आत इंजिनिअर्ड वूड," विक्रेता म्हणाला. इंजिनिअर माणसाला 'इंजिनिअर्ड' हा शब्द ऐकवला की तो गप्प बसतो, हे त्याला बरोबर माहीत होतं. 'फिनिश' या शब्दाकडे मात्र आमचं लक्षच गेलं नाही.

हप्ते संपले आणि दुसऱ्या पावसाळ्यात कपाटाचा तळ फुगला. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. आम्ही तिला आमचा पलंग दिला. चौथ्या रात्री दोन वाजता धाडकन आवाज. पलंगाची एका बाजूची पट्टी स्क्रूसकट उपटून निघाली होती. आईला लागलं नाही, नशीब. पण नवा गुडघा घेऊन जमिनीवरच्या गादीवरून उठता येत नाही. म्हणून उरलेली रात्र तिने सोफ्यावर बसून काढली आणि मी शेजारी खुर्चीवर. सकाळी तिने तुटलेल्या जागी बोट फिरवलं, बोटाला भुसा लागला. म्हणाली, "अरे, हा तर रवा-लाडू आहे. वस्तू घेताना उलटी करून बघितली नाहीस?"

नव्हती बघितली. शोरूममध्ये पलंग उलटा कोण करतं?

दुकानाला फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली. असो.

वर्षभराने कंपनीने मला इंग्लंडला रेडिंगला पाठवलं. भाड्याचं घर रिकामं होतं, म्हणजे पुन्हा तीच खरेदी. ऑफिसमधल्या एकाने सल्ला दिला की जवळच्या हाय विकमला जुन्या फर्निचरचं धर्मादाय दुकान आहे, तिथे बघ. शनिवारी गेलो. कोपऱ्यात एक साधं, चपट्या अंगाचं, ओकचं कपाट उभं होतं. ना नक्षी, ना आरसा. लाकडाचेच गोल खुंटे मुठी म्हणून. किंमत ४५ पौंड. या वेळी मी आईचं ऐकलं. दार उघडलं, मागची फळी ठोकून पाहिली, खाली वाकलो. कोपऱ्यांत खिळे नव्हते. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, अशी ती लाकडं एकमेकांत घुसलेली. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक शिक्का होता. शेजारी शेजारी दोन पॅक-मॅन आणि पुढे ४१ हा आकडा!

काउंटरवरच्या आजीबाई हसल्या. "युटिलिटी आहे ते. माझ्या आईकडे होतं. तिला अजिबात आवडायचं नाही."

ते कपाट घरी आलं आणि त्या शिक्क्यामागची गोष्ट शोधण्यात माझे पुढचे तीन वीकएंड गेले. ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

आधी युद्धापूर्वीची परिस्थिती. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लाखो नवी घरं बांधली जात होती आणि त्यांत राहायला जाणारी जोडपी हप्त्याने फर्निचर घेत होती. कपाट, ड्रेसिंग टेबल, पलंग असा अख्खा 'बेडरूम सूट'. बराचसा स्वस्त माल पूर्व लंडनमधल्या छोट्या छोट्या कारखान्यांत तयार व्हायचा. वरून झकपक, चिकटवलेल्या नक्षीच्या पट्ट्या, चकचकीत पॉलिश, आणि आत जे काय असेल ते. हप्त्याचा करार तर भयंकर होता. शेवटचा हप्ता भरेपर्यंत वस्तू दुकानदाराची. बहुतेक पैसे भरून झाले आणि एखादा हप्ता चुकला, की माणसं येऊन पलंग उचलून न्यायची, भरलेले पैसेही गेले. एलन विल्किन्सन या मजूर पक्षाच्या खासदार बाईंनी याविरुद्ध विधेयक आणलं आणि १९३८ मध्ये कायदा झाला की किमतीचा एक तृतीयांश भाग भरून झाला असेल तर कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तू परत नेता येणार नाही. माझ्या बारा सोप्या हप्त्यांचे हे पणजोबा!

मग युद्ध आलं. इंग्लंडला लागणारं बहुतेक लाकूड जहाजाने बाहेरून यायचं. आता जहाजांना धान्य आणि दारूगोळा आणायचा होता. प्लायवूड विमानांकडे वळलं. डी हॅविलँड कंपनीचं 'मॉस्किटो' हे लढाऊ विमान मुख्यतः लाकूड आणि प्लायवूडचं होतं आणि त्याचे भाग करायला हाय विकमचे खुर्च्या-टेबलांचे कारखाने लागले होते. लाकूड गेलं, सुतार गेले. आणि नेमकी तेव्हाच फर्निचरची गरज वाढली. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या बॉम्बहल्ल्यांत एकट्या लंडनमधली दहा लाखांहून जास्त घरं पडली किंवा मोडली. शिवाय युद्ध असलं तरी लोकांची लग्नं व्हायची थांबत नाहीत.

पुढे काय झालं असेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. जुन्या पलंग-कपाटांचे भाव आकाशाला भिडले. नवीन म्हणून जे मिळायचं ते निकृष्ट आणि महाग. ज्याचं घर काल रात्री जळालं त्याला भाव करायला सवड कुठून असणार?

फेब्रुवारी १९४२ मध्ये ह्यू डाल्टन ब्रिटनचे व्यापारमंत्री झाले. नुसता कमाल भाव ठरवून भागत नाही, हे एव्हाना सरकारला कळलं होतं. कपाटाची किंमत बांधून दिली तर कारखानदार तीच किंमत ठेवून आतलं लाकूड पातळ करतो. गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही. म्हणजे भाव ठरवायचा तर वस्तूही ठरवावी लागते. कोणतं लाकूड, किती जाड, जोड कसा, मागची फळी कसली, सगळं. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी स्पेसिफिकेशन फ्रीझ करा, मग रेट ठरवा.

यासाठी जुलै १९४२ मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष चार्ल्स टेनिसन, म्हणजे कवी टेनिसनचे नातू. सभासदांत घरबांधणीच्या अभ्यासक एलिझाबेथ डेन्बी होत्या आणि गॉर्डन रसेलही होते. या रसेलचं नाव लक्षात ठेवा. त्यांच्या वडिलांचं ब्रॉडवे नावाच्या खेड्यात जुनं हॉटेल होतं. तिथल्या जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम बघता बघता हा माणूस फर्निचरचा डिझायनर झाला. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढून आलेला. त्याचं मत सरळ होतं. चांगली वस्तू ही फक्त श्रीमंतांची मिरास नाही, आणि यंत्राने केलेली वस्तू वाईटच असते असंही नाही.

प्रत्यक्ष डिझाइन निवडली गेली ती एडविन क्लिंच आणि हर्बर्ट कटलर या दोघांची. दोघेही हाय विकमचे. एक कारखान्यातला डिझायनर, दुसरा तिथल्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा. म्हणजे ज्या गावात मी कपाट घेतलं त्याच गावात ते जन्मलं होतं म्हणायचं! कागदावर तरी.

ऑक्टोबर १९४२ मध्ये लंडनमध्ये नमुने लोकांना दाखवले आणि १९४३ च्या सुरुवातीला कॅटलॉग आला. जेमतेम तीसेक वस्तू. लाकूड ओक किंवा महोगनी. सांधे खाच-जिभेचे किंवा लाकडी खुंट्यांचे. प्लायवूड नाही म्हणून सपाट भागांना हार्डबोर्ड, त्यावर लाकडाचा पातळ थर. नक्षी शून्य, कारण नक्षीला लाकूड आणि मजुरी दोन्ही लागतात, आणि नक्षीखाली खोट झाकता येते. प्रत्येक वस्तूची कमाल किंमत ठरलेली. वर खरेदीकर माफ. ठरलेल्या कारखान्यांनी ठरलेल्या नकाशाप्रमाणेच माल करायचा, दुसरं घरगुती फर्निचर बनवायलाच बंदी. आणि आतल्या बाजूला तो शिक्का, 'सीसी ४१'. आधी तो युटिलिटी कपड्यांसाठी काढलेला होता, मग फर्निचरवरही आला. लोक गमतीने त्याला 'चीझ' म्हणायचे. खरंच, तुकडा कापून काढलेल्या चीझच्या दोन चकत्यांसारखा दिसतो.

हे कुणालाही मिळत नव्हतं बरं का. नवविवाहित जोडपी आणि बॉम्बमध्ये घर गेलेले यांना परमिट मिळायचं. रेशनकार्डच समजा. आधी प्रत्येक जोडप्याला ६० युनिट, मग थोड्याच दिवसांत ती कापून ३० केली. प्रत्येक वस्तूला अमुक इतकी युनिट. कपाट घेतलं तर जेवणाच्या टेबलाचं काय, असं गणित बसवत नवं जोडपं कॅटलॉग घेऊन बसायचं. आम्ही दोघं बाणेरच्या फ्लॅटमध्ये एक्सेल शीट घेऊन बसलो होतो तसंच. फरक एवढाच की त्यांना वस्तू कमी मिळाल्या तरी कुठलीही निवडली तर ती टिकणार हे माहीत होतं. आमच्यासमोर दोनशे पलंग होते आणि त्यांतला कुठला टिकेल हे कुणीच सांगत नव्हतं.

आता थांबा. "सरकारी फर्निचर किती थोर" असा हा लेख नाही. त्या आजीबाईंच्या आईला ते आवडायचं नाही हे विसरू नका, आणि ती एकटी नव्हती. युद्धाने आधीच कपडे, जेवण, दिवे सगळं फिकं केलेलं. त्यात लग्नाचं फर्निचरही शेजारणीसारखंच, तसंच सपाट. माणसाला पलंग फक्त झोपायला नको असतो, 'आमचा' पलंग हवा असतो. युद्धानंतर बंधनं हळूहळू सैल झाली. १९४८ मध्ये परमिट गेलं, डिझाइनचं स्वातंत्र्यही मिळालं, आणि १९५२ च्या अखेरीस योजना संपली. लोक पुन्हा चकाकणाऱ्या, नक्षीदार वस्तूंकडे धावले. रसेल आणि मंडळींना वाटलं होतं की एकदा चांगली साधी वस्तू वापरली की लोकांची आवड बदलेल. तशी ती फारशी बदलली नाही. खुद्द रसेल मात्र १९४७ मध्ये सरकारी डिझाइन कौन्सिलचे संचालक झाले आणि १९५५ मध्ये 'सर'.

आणखी एक शंका माझ्यातल्या इंजिनिअरने काढलीच. माझं कपाट टिकलं म्हणून सगळीच टिकली असं कसं म्हणायचं? जी मोडली ती दुकानात दिसणार कशी? बरोबर आहे. पण माझा मुद्दा टिकण्यापेक्षा थोडा वेगळा आहे. त्या कपाटाच्या आत काय आहे हे विकत घेणाऱ्याला घेण्याआधी माहीत होतं. वाजवी किंमत म्हणजे कमी किंमत नव्हे. मी ६५ हजार दिले ते जास्त होते की कमी, हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी काय विकत घेत होतो हेच मला माहीत नव्हतं. १९४३ मध्ये हे आत वाकून बघायचं काम एक समिती सगळ्यांच्या वतीने करत होती. आज ते आपलं आपल्याला करावं लागतं, इतकंच.

दोन वर्षांनी पुण्याला परतलो. कपाट आणता आलं नाही, दुसऱ्या एका भारतीय जोडप्याला त्याच ४५ पौंडांना देऊन आलो. इथे आल्यावर पहिलं काम पलंगाचं. या वेळी शोरूम नाही. ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो आणि 'फिनिश' सोडून सगळं विचारलं. लाकूड कुठलं आणि किती घनफूट लागेल? पायाला आडवी पट्टी कशी जोडणार, नुसत्या स्क्रूने की खाच पाडून? प्लाय कुठला? प्लायवरचा आयएसआयचा शिक्का नीट वाचायचा असतो हे तेव्हा शिकलो. आयएस ३०३ म्हणजे नेहमीच्या वापराचा, आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. म्हणजे आपल्याकडेही 'चीझ' आहे, फक्त आपण कधी वाचत नाही. मिस्त्रींनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "साहेब, नक्षी काढून टाकू का? तेवढ्या पैशात पट्टी जाड देतो." मी म्हटलं, द्या!

पलंग घरी आला तेव्हा आई आली होती. तिने चादरीकडे बघितलं नाही, पॉलिशकडे बघितलं नाही. गुडघ्यामुळे तिला वाकता येत नाही, म्हणून माझ्याकडे बघून म्हणाली, "खाली वाक, आणि सांग काय दिसतंय."

मी वाकलो आणि सांगितलं. मग ती बसली.