जलसंजीवनीची कुळकथा

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांत आतल्या गावात लेकराला हगवण लागली, तर सलाईन कुठून आणणार? आशाताईच्या पिशवीत मात्र एक पुडी असते. डॉक्टर तिला ओआरएस म्हणतात, आपण जलसंजीवनी.

संजीवनी विद्या शुक्राचार्यांची. ती शिकायला कच गेला होता. पुडीने नाव तिथून घेतलं, पण तिचा जन्म निर्वासितांच्या छावणीतला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लोंढे आले आणि सीमेवरच्या बनगावात पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात पुड्या भरून घेतल्या. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. ड्रममधलं ते पाणी रुग्णांना त्यांचे नातेवाईकच पाजत. सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

हा अंधारातला तीर नव्हता. नॅलिन आणि कॅश या डॉक्टरांनी १९६८ मध्येच ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर असं पाणी वापरून दाखवलं होतं. पटकीतही लहान आतड्याची साखर शोषण्याची ताकद शाबूत राहते. साखर मिठातलं सोडियम आपल्यासोबत आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मीठ आणि साखर दोन्ही कमी केली. आजची पुडी त्या मापाची.

त्याच पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे पूर्व बंगालमधून उठून आलेली कितीतरी कुटुंबं आपल्याकडेही वसली, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा-चामोर्शी भागात. पुडी आणि ही गावं एकाच मुलखातल्या माणसांच्या हालांशी बांधलेली आहेत. म्हणून मला ती परक्या दवाखान्यातली वस्तू कधी वाटली नाही.

नाव सुंदर आहे, पण त्याने एक गैरसमजही होतो. संजीवनी म्हटल्यावर जुलाब लगेच थांबतील असं आईला वाटतं. ते थांबले नाहीत की ती पुडी बाजूला ठेवते. पुडीचं काम जुलाब थांबवणं नाही, अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं आहे, आणि मूल दगावतं ते बहुतेकदा पाणी आटल्याने.

म्हणून आयांनो, मोठी पुडी अख्खी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. पाणी कमी घेऊ नका. जुलाब चालू असले तरी घोटघोट पाजत राहा, अंगावरचं दूध तोडू नका. मूल पीतच नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर नाला ओलांडता येताच दवाखाना गाठा.