तंजावरचे मराठी राज्य : समृद्धी, कर्ज आणि कारभार

तंजावरचे नाव निघाले की आपणां मराठी मंडळींच्या डोळ्यांसमोर सरस्वती महाल, सरफोजीराजांची विद्वत्ता आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर इ.स. १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख उभा राहतो. या वैभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. कावेरीसारखी अन्नपूर्णा नदी, कुशल विणकर आणि हाताशी अनेक बंदरे असताना हे राज्य कर्जात का बुडाले?

व्यंकोजीराजांनी इ.स. १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली, तेव्हा त्यांच्या हाती आलेला मुलूख दक्षिणेतील भाताचे कोठार होता. चोळकालीन कल्लणै बंधाऱ्यापासून फुटणाऱ्या कालव्यांनी त्रिभुज प्रदेशाची शेती भिजत असे. किनाऱ्यावरून तांदूळ व कापड परमुलखी जाई. नागूरच्या मुसलमान व्यापाऱ्यांची गलबते थेट मलाक्का, अचेपर्यंत पोहोचत. व्यापार होता, मालाला मागणी होती, स्पर्धाही होती. मात्र त्या स्पर्धेत दरबार स्वतः उतरला नाही. त्याने धान्याचा सारा घेतला आणि बंदरे परकीयांच्या हाती राहू दिली.

तरंगंबाडी डेन लोकांकडे नायकांच्या अमदानीत, इ.स. १६२० मध्येच गेली होती. नागपट्टणम् १६५८ पासून डचांकडे होते. हा वारसा मराठ्यांनी निर्माण केलेला नव्हे. परंतु पुढील दोन बंदरांची गोष्ट वेगळी आहे. कारैकाल १७३९ मध्ये फ्रेंचांस मिळाले आणि देवीकोट १७४९ मध्ये इंग्रजांस. दोन्ही वेळा मुळाशी होता गादीचा तंटा. भाऊबंदकीचा खर्च बंदरांनी भागवावा, हा व्यवहार कोणत्या जमाखर्चात बसतो ते आम्हांस उमगलेले नाही.

यापुढचा भाग अधिक क्लेशकारक आहे. १७६२ च्या तहान्वये प्रतापसिंहराजांवर अर्काटच्या नबाबास मागील बाकीपोटी २२ लक्ष रुपये आणि शिवाय दरसाल ४ लक्ष देण्याचा बोजा पडला. तुळजाराजांच्या काळी, १७७१ मध्ये, नबाब इंग्रजी फौज घेऊन तंजावरवर चालून आला. वेढा उठविण्यासाठी आणखी मोठी रक्कम कबूल करावी लागली आणि ती उभारण्यासाठी दागिने व मुलूख डच आणि डेन यांच्याकडे गहाण पडले. तरीही बाकी राहिलीच. तेच निमित्त होऊन १७७३ मध्ये राज्य नबाबाच्या घशात गेले.

आता नबाबही कर्जबाजारी होता, आणि त्याचे सावकार होते खुद्द कंपनीचे नोकर. १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगॉट याने तुळजाराजांस पुन्हा गादीवर बसविले, तोच पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर २,३४,००० पौंडांचा दावा घेऊन पुढे आला. नबाबाने तंजावरचा महसूल आपणांस लावून दिला आहे, असे त्याचे म्हणणे. शेतात उभे असलेले पीक राजाचे की सावकाराचे, हा वाद इतका चिघळला की मद्रासच्या कौन्सिलातील बहुमताने स्वतःच्या गव्हर्नरासच कैद केले. पिगॉट १७७७ मध्ये कैदेतच वारला. एडमंड बर्क याने १७८५ मध्ये पार्लमेंटात नबाबाच्या कर्जांवर जे प्रख्यात भाषण केले, त्यामागे हेच प्रकरण होते. कावेरीकाठच्या ज्या कुळाने ते भात लावले होते, त्यास या घडामोडींत कोणी विचारले नाही. पुढे १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने तो सारा प्रदेश उजाड झाला.

१७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे महसुलाचा पाचवा हिस्सा आणि सालीना १ लाख पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लक्ष रुपये, एवढी नेमणूक राहिली. त्यांनी ग्रंथ जमविले, देवनागरी मुद्रणालय काढले, धन्वंतरी महालात औषधे सिद्ध करविली, यात्रेकरूंसाठी छत्रे चालविली. उत्पन्न वाढविण्याचा अधिकारच उरला नसता याहून चांगला खर्च कोणता झाला असता?

१८५५ मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. कंपनीने खासगी मिळकतीवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दावा जिंकला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. दरबाराच्या आश्रयाने राहिलेल्या मराठी कुटुंबांना आता दुसरी उपजीविका शोधणे भाग होते. भांडवल म्हणाल तर हिशेब, मोडी दप्तर आणि महसुलाची जाण एवढेच.

ते भांडवल किती मोलाचे होते, हे कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेल्या टी. माधवरावांनी दाखविले. मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीतून निघालेले हे गृहस्थ त्रावणकोरचे दिवाण झाले, तेव्हा तेथील खजिना रिता होता आणि नोकरांचे पगार तुंबले होते. त्यांनी मिरी व तंबाखू यांवरील सरकारी मक्तेदाऱ्या उठविल्या, व्यापारास जाचणारे बारीकसारीक कर काढून टाकले, संस्थानचे कर्ज फेडले आणि १८६५ च्या कराराने ब्रिटिश हिंदुस्थानाशी मालाची ने-आण मोकळी करून घेतली. व्यापारी जगला तर खजिना भरतो, हे तंजावरच्या दरबारास न साधलेले गणित तंजावर प्रांतीच्याच एका मराठी माणसाने परक्या संस्थानात सोडवून दाखविले. नंतर इंदूर आणि १८७५ पासून बडोदे येथेही त्यांनी दिवाणगिरी केली.

तंजावरच्या दरबाराचे धान्याचे भाव, मजुरी, कर्जे आणि छत्रांचे खर्च मोडी रुमालांतून आजही तेथे जपलेले आहेत. भाषा आपली, लिपी आपली. पण १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील तमिळ विद्यापीठाने या कागदांचे तमिळ अनुवाद छापले, आणि आज आपल्यापैकी कोणास तो जमाखर्च वाचावयाचा झाल्यास बहुधा त्या तमिळ पानांचाच आधार घ्यावा लागेल.