निफाडची दुसरी खेप

वेस्ट इंडिज म्हटलं की मराठी माणसाला समुद्राच्या आधी क्रिकेट आठवतं. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ तिकडे गेला. त्या मालिकेत दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा काढल्या, गावसकरांनी ७७४, आणि पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, आपला संघ पुन्हा तिकडे गेला तेव्हा त्याच मैदानावर चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठून दाखवलं. म्हणजे दुसरी खेप ही पहिल्या खेपेची झेरॉक्स नसते. मैदान तेच असतं, पण आता ते आपल्याला कळलेलं असतं.

सहलींचंही तसंच आहे. कॅरिबियन बेटावर पहिल्यांदा जाणारा माणूस समुद्रकिनारा, फोटो आणि मासे यात खूश असतो. तोच माणूस बार्बाडोसला पुन्हा गेला, की सेंट निकोलस ॲबीसारखं उसाच्या मळ्यातलं जुनं घर बघायला जातो आणि मग त्याला कळतं की या सुंदर बेटाचा इतिहास म्हणजे साखर, आणि साखरेचा इतिहास म्हणजे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. पहिल्या खेपेला दिसलेला किनारा त्यानंतर काही तसाच राहत नाही.

मंडळी, तिकिटाचे पैसे वाचवायचे असतील तर असं एक बेट आपल्याकडेही आहे. नाशिकपासून फक्त चाळीसेक किलोमीटरवर. आज त्याच्याबद्दल.

निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा या नद्या मिळतात. नदीच्या पात्रात मध्यमेश्वराचं देऊळ आहे, त्यावरून गावाचं नाव पडलं. संगमाच्या खाली एक जुना बंधारा आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला उथळ पाणी, पाणवनस्पती आणि गाळाची छोटी छोटी बेटं. हिवाळ्यात इथे पक्ष्यांची जत्रा भरते. आपण सगळे पहिल्या खेपेला काय करतो? शनिवारी पहाटे गाडी काढायची, चापडगावच्या मनोऱ्यावर चढायचं, रोहित दिसला की आरडाओरडा करायचा (आणि त्याला उडवून लावायचं), येताना एखाद्या वायनरीत डोकवायचं आणि रात्री घरी. उत्तम बेत आहे, माझी काही तक्रार नाही. पण दुसऱ्यांदा गेलात तर खालची कामं करा.

काम पहिलं : पक्ष्यांकडे पाठ करून बंधारा बघा.

हा बंधारा १९०७ ते १९११ या काळात बांधला गेला. पक्ष्यांसाठी अर्थातच नाही. त्याच्या मागे दुष्काळ आहे. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला संवत १९५६ वरून छप्पनिया म्हणतात. दोन्हींत लाखो माणसं मेली. त्यानंतर १९०१ मध्ये सरकारने सिंचन आयोग नेमला. आपल्याकडच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात कालवे काढा, त्यातून महसूल कमी मिळाला तरी चालेल पण दुष्काळात पीक वाचलं पाहिजे, असा एकूण विचार होता. 'संरक्षक सिंचन' हा शब्द तिथला. नांदूर मध्यमेश्वर हा त्या विचाराचा दगडी पुरावा.

याची रचना इंजिनिअर लोकांना आवडेल. पाणी साठवायचं घाटाजवळ, जिथे पाऊस भरपूर पडतो. त्यासाठी इगतपुरी तालुक्यात दारणा धरण बांधलं, ते १९१६ मध्ये पूर्ण झालं. साठवलेलं पाणी कालव्याने नाही, तर नदीच्याच पात्रातून खाली आणायचं. नांदूरला ते अडवून पातळी थोडी वर उचलायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं. तिथून ते कोपरगाव, राहाता भागातल्या कोरड्या जमिनीला मिळतं. म्हणजे दारणा हे स्टोरेज, गोदावरी ही केबल आणि नांदूर हा राउटर! राउटरमध्ये कोणी डेटा साठवत नाही. या बंधाऱ्याचं कामही पाणी साठवण्याचं नाही, वळवण्याचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बार्बाडोसची आठवण. जे पाणी ज्वारी-बाजरी वाचवायला आणलं होतं, ते हळूहळू उसाकडे गेलं. बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीला कालव्याचं पाणी विकत कोण घेणार? आणि कालव्याचा खर्च तर दरवर्षी भरून निघायला हवा. उसाला बारमाही पाणी लागतं आणि त्याला गिऱ्हाईक असतं. दख्खनच्या बहुतेक कालव्यांची गोष्ट अशीच झाली. इथे गुलामगिरी नव्हती, मळेवाले गोरे नव्हते, पुढे तर सहकारी कारखाने निघाले आणि त्यातून शाळा-कॉलेजं उभी राहिली. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. पण एक साम्य आहेच. एकदा साखर आली की पाणी कुणाचं, हा प्रश्न तिच्या मागोमाग येतो.

काम दुसरं : निफाड गावात न्यायमूर्ती रानड्यांसाठी थांबा.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. बालपण पुढे कोल्हापुरात गेलं, शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनला आणि कर्तृत्व पुण्यात. त्यामुळे निफाडच्या वाट्याला फक्त जन्मस्थळ आलं आणि जन्मस्थळांचं आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. जयंतीला हार, बस्स.

पण या बंधाऱ्यापाशी उभं राहून रानड्यांचा विचार केला की वेगळंच काहीतरी जुळतं. १८७६-७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, त्या कामामागे रानडे होते. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. म्हणजे निफाडात जन्मलेला मुलगा त्याच जिल्ह्यात न्यायाधीश म्हणून परत आला. ही त्यांची दुसरी खेप! पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्यांच्या मांडणीचा गाभा साधा होता. दुष्काळ म्हणजे नुसता पावसाचा दोष नव्हे. सगळा देश एकट्या शेतीवर आणि शेती एकट्या पावसावर लटकली असेल, तर एक पाऊस हुकला की माणसं मरणारच. म्हणून उद्योग हवेत, पतपुरवठा हवा, उत्पन्नाचे अनेक रस्ते हवेत. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नको.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. त्याच वर्षी तो सिंचन आयोग नेमला गेला. सरकारने त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घेतलं, पाण्याचं. उरलेलं अर्धं तालुक्याने आपलं आपण शोधलं. १८६० च्या दशकात इथून रेल्वे गेली होतीच. ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षाची लागवड केली. लासलगाव कांद्याची मोठी बाजारपेठ झालं. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातून गव्हाची वाणं निघाली (थंडीच्या बातम्यांत निफाडचा पारा येतो तो याच केंद्रातला). १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. एका तालुक्यात एवढ्या गोष्टी! रानड्यांना यादी आवडली असती. फक्त कांद्याचे भाव पडल्यावर लासलगावचे लिलाव बंद पडतात, तेव्हा 'एकाच गोष्टीवर लटकू नका' हे त्यांचं म्हणणं परत आठवतं.

काम तिसरं : चांदोरीला जा, जमल्यास उन्हाळ्यात.

नाशिकहून निफाडकडे येताना वाटेतच चांदोरी लागतं. आपण तिथून ऐंशीच्या स्पीडने निघून जातो. हे पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांचं गाव. दिल्लीच्या बादशाहीत काय शिजतंय ते हिंगण्यांच्या पत्रांतून पुण्याला कळायचं. अठराव्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्याला हिंगणे दप्तर टाळून पुढे जाता येत नाही. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला विंचूर, विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं. १७६१ ला पानिपतावर लढून परत आलेल्या सरदारांपैकी ते एक. पुण्याचा विंचूरकर वाडा त्यांच्याच घराण्याचा, जिथे पुढे टिळक राहिले. म्हणजे दिल्लीत बातमी काढणारा आणि पानिपतावर घोडा घालणारा, दोघंही एकाच तालुक्याचे. आज विंचूर म्हटलं की लोकांना वाइन पार्क आठवतो. असो.

चांदोरीला नदीच्या पात्रात जुनी देवळं आहेत. पाणी खूप खाली गेलं की ती उघडी पडतात, एरवी पाण्यात असतात. आणि पावसाळ्यात याच्या उलट होतं. नदी पात्र सोडून गावात येते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत चांदोरी आणि सायखेड्यात पाणी घुसलं, बाजारपेठ बुडाली, माणसं बाहेर काढावी लागली.

का? आता मघाचा राउटर आठवा. नदी वाहते तोवर गाळ वाहून नेते. बंधाऱ्यापाशी तिचा वेग कमी होतो आणि गाळ तिथेच बसतो. शंभरहून जास्त वर्षं तो बसतोय. त्याच गाळाने जलाशय उथळ केला, उथळ पाण्यात वनस्पती वाढल्या, बेटं तयार झाली आणि त्या बेटांवर पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. २०१९ मध्ये ते रामसर यादीत गेलं, जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. इंजिनिअरच्या वहीत जो दोष म्हणून लिहिला जाईल, तो पक्ष्यांच्या वहीत घर म्हणून लिहिलाय. आपल्याकडे 'बग नाही, फीचर आहे' असं म्हणून आपण हसतो. इथे ते खरंच झालं आहे, पण हसता येत नाही. कारण तोच गाळ पुराच्या पाण्यालाही जागा ठेवत नाही, आणि वरच्या गावातल्या माणसाला पक्ष्यांच्या जनगणनेचं कौतुक ऐकवून त्याच्या दुकानातला चिखल निघत नाही. गाळ काढा, बंधाऱ्याला आणखी दरवाजे बसवा, अशी मागणी होते. सगळा गाळ काढला तर बेटं जातील. नाही काढला तर पूर येतील. मनोऱ्यावरून दुर्बिणीतून बघताना हे दिसत नाही, चांदोरीच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं.

काम चौथं : पाणी कुठे जातं ते विचारा.

पावसाळ्यात बातम्यांत 'नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग' असं वाक्य येतं. नाशिककराला ते पुराचं वाक्य वाटतं. पैठणच्या माणसाला ते आनंदाचं वाटतं, कारण तेच पाणी पुढे जायकवाडीच्या नाथसागरात जातं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरण पूर्ण झालं १९७६ मध्ये. त्याच काळात वर नाशिककडेही धरणं होत गेली, गंगापूर त्यातलंच. नदी एक आणि दावेदार तीन, नाशिक, नगर आणि मराठवाडा. नांदूरहूनच एक जलदगती कालवा वैजापूर-गंगापूरकडेही काढला आहे. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द रूढ झाला. तेव्हापासून जायकवाडी पुरेसं भरलं नाही, की वरून पाणी सोडायचं की नाही यावरून मोर्चे निघतात आणि कोर्टात तारखा पडतात. १९११ चा बंधारा शंभर वर्षांनंतर तीन भागांच्या राजकारणाच्या बरोबर मधोमध उभा आहे. मध्यमेश्वर हे नाव उगाच नाही पडलं :)

यातून काही मार्ग निघतो का? थोडासा निघतो, आणि तोही याच तालुक्यात बघायला मिळतो. १९९० च्या सुमारास ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी आपणच गोळा करायची आणि आपसात वाटायचं. शेपटाच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळायला लागलं. पुढे अख्ख्या वाघाड प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. यात चमत्कार नाही, हिशेबाची वही आहे. वीस-तीस गावांत जमलेली गोष्ट तीन भागांत आपोआप जमेल असं नाही. पण पाणी मोजल्याशिवाय वाटता येत नाही, एवढं तरी ओझरने दाखवून दिलं.

तर अशी ही चार कामं. एका दिवसात होतात, गाडी स्वतःची असेल तर आरामात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पक्षीही दिसतील. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. तो दरवर्षी खेपा करतो, आणि या पाण्याची हालत काय आहे ते कोणत्याही आयोगाच्या आधी त्याला कळत असावं. ज्या वर्षी पाणी चुकीच्या वेळी सोडलं किंवा बेटं उघडी पडली नाहीत, त्या वर्षी तो दुसरीकडे उतरेल. चांदोरीकरांना ती सोय नाही.