कोसबाडची सकाळ, डेव्हनची सकाळ

शाळेच्या दिवशी सकाळी सात ते आठ या तासाभरात आपल्या घरी कोणतं मराठी सर्वांत जास्त बोललं जातं, ते एकदा आठवून पाहा. ‘ऊठ.’ ‘आटप.’ ‘दात घासलेस का?’ ‘दुसरा मोजा कुठाय?’ ‘बस चुकेल हं!’ त्यानंतरचा सगळा दिवस मूल इंग्रजीत असतं. म्हणजे डेव्हन ॲव्हेन्यूच्या आसपास वाढणाऱ्या कितीतरी मुलांच्या कानांवर मराठी पडते ती मुख्यतः हुकूम म्हणून. भाषा टिकावी म्हणून आपण रविवारी मराठी शाळेत मुलांना नेतो. पण तिची रोजची शाळा भरते ती सकाळीच, आणि तीही घाईत.

लहान मुलांची सकाळ शांत कशी करावी, हा प्रश्न मराठी मुलखात फार पूर्वी कोणीतरी गंभीरपणे सोडवायला घेतला होता. ती गोष्ट आपल्याला उपयोगी पडण्यासारखी आहे.

1920 साली भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. माँटेसरींच्या विचारांवर चालणाऱ्या या कामात पुढे ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या आल्या होत्या. 1926 मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. शहरात काम जमलं. खेड्यातल्या, पायात चप्पल नसलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न मात्र उरला. त्यासाठी 1945 साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि त्यानंतर जिद्दीने शिकून झालेल्या शिक्षिका.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलाला उठवून, आवरून, वेळेवर पाठवायला घरी होतंच कोण? आणखी कडक नियम करता आले असते. ताराबाईंनी उलट केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द इथला. पुढे 1975 साली सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून तो देशभर पोहोचला.

या अंगणात आधी स्वच्छता उरकून मग शिक्षण, असा प्रकार नव्हता. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं हाच पहिला धडा. माँटेसरींची महागडी साधनं नव्हती, म्हणून बिया, शिंपले, फुलं, काड्या आणि माती आली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे मुलं गुरांमागे कुरणात जात, म्हणून कुरणशाळा निघाली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं असे, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आलं. मूल अडतंय कुठे, हे आधी पाहायचं आणि मग तो अडसर काढायचा, अशी ती रीत होती.

आपल्या शिकागोलाही हा अनुभव जुना आहे. हॅल्स्टेड स्ट्रीटवर 1889 साली जेन ॲडम्स यांनी हल हाऊस उघडलं, ते स्थलांतरितांच्या वस्तीत. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना अपंग झालेली तीन मुलं भेटली. एक तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं, एक भाजलेलं. आणि तिसऱ्याचा कणा वाकला होता, कारण मोठा भाऊ जेवायच्या सुट्टीत येईपर्यंत त्याला दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत. त्या आया निर्दय नव्हत्या. परक्या शहरात कामावर जाताना त्यांच्या हाताशी दुसरं माणूस नव्हतं, इतकंच.

आपली अवस्था एवढी कठीण खचितच नाही. पण 1965 च्या कायद्यानंतर इथे आलेल्या मराठी कुटुंबांचंही काहीतरी मागे राहिलं. 1974 साली डेव्हनवर पटेल ब्रदर्सचं दुकान निघालं. डाळ, पोहे, हिंग मिळू लागलं. वाड्यातली सकाळ मात्र दुकानात मिळत नाही. वेणी घालणारी आजी, बूट शोधून देणारा काका, ‘चल, मी सोडते’ म्हणणारी शेजारीण ही सगळी माणसं तिकडेच राहिली. पाच जणांचं काम आता दोघांवर, कधी एकट्या आईवर, आणि बाहेर जानेवारीतला बर्फ.

मग कोसबाडचं काय घेता येईल? पहिलं, अडसर पाहा. जॅकेटची खुंटी मुलाच्या उंचीवर आहे का? कपडे रात्रीच काढून ठेवले आहेत का? दुसरं, आवरणं हाच धडा माना आणि त्याला वेळ द्या. इथल्या बालवर्गात एक युक्ती शिकवतात: जॅकेट जमिनीवर पसरायचं, टोपीची बाजू आपल्या पायांकडे, बाह्यांत हात घालून डोक्यावरून मागे टाकायचं. तीन-चार वर्षांचं मूल हे स्वतः करतं आणि करून झाल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तिसरं, हुकमाच्या जागी गप्पा येऊ द्या. ‘आटप’ऐवजी ‘आज लाल मोजे की निळे?’ असं विचारलं, तर उत्तरही मराठीत येण्याची शक्यता वाढते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलांना उठवायला फारसं ओरडावं लागत नाही, हे आपण जाणतोच. तेव्हाही अंधार असतो, थंडी असते, अंघोळही असते. पण उटणं असतं, सगळं घर जागं असतं, आणि पायाखाली कारीट फोडायचं ते मुलानेच.

डेव्हनच्या आसपास विटांच्या जुन्या इमारती आहेत, तीन बाजूंनी घरं आणि मधे मोकळी जागा. अशा एका इमारतीतल्या तीन-चार घरांनी मुलांना शाळेत सोडण्याच्या पाळ्या लावून घेतल्या, तर प्रत्येक घराला आठवड्यात दोन-तीन सकाळी तरी मोकळ्या मिळतील. मधल्या त्या जागेला अंगण म्हणायला काय हरकत आहे?