द्यूतसभेचा धनी कोण?

महाभारतातील द्यूताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. युधिष्ठिराचा मोह, शकुनीचे कपट आणि दुर्योधनाचा मत्सर यांचा निवाडा आपण केव्हाच करून टाकला आहे. परंतु ज्या सभेत तो डाव मांडला गेला ती सभा कोणाची होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ती धृतराष्ट्राची होती. त्याच्याच आज्ञेने ती उभारली गेली आणि खेळ थांबविण्याचा अधिकारही त्याचाच होता. पण तो आंधळा राजा मोठ्या उत्कंठेने, आपल्या पक्षाने डाव जिंकला का, एवढेच विचारीत राहिला. खेळ आवरण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याचाच जर जिंकण्यात वाटा असेल तर काय घडते, याचे हे आपल्या वाङ्मयातील सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर उदाहरण होय. श्रोतेहो, आज आपल्याला इतिहासाच्या आधारे याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

आपल्या शास्त्रकारांचे या बाबतीत एकमत नव्हते. मनूने राजाला द्यूताचे राज्यातून उच्चाटन करावयास सांगितले. याज्ञवल्क्याने मात्र सभिकाला, म्हणजे द्यूतगृह चालविणाऱ्याला, राजाचे संरक्षण दिले आणि त्याच्याकडून राजाला ठरलेला भाग मिळावा अशी व्यवस्था लावली. कौटिल्याने तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला. खेळ एकाच ठरलेल्या जागी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड व्हावा, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच सरकारात जमा व्हावेत आणि फाशांचे, पाण्याचे व जागेचे भाडे निराळे घ्यावे, असे त्याचे नियम आहेत. यात महसुलाची दृष्टी आहेच. परंतु त्याने दिलेले कारण वेगळे आहे. चोरटेपणाने उपजीविका करणारे लोक द्यूतगृहात ओळखू येतात, म्हणून ते एका जागी असावे, असे तो म्हणतो. अर्थात कौटिल्याचे द्यूतगृह हे प्रथम पहारा ठेवण्याचे ठिकाण होते. उत्पन्न हा त्याचा दुसरा लाभ होता. हा क्रम उलटला की पुढचा सारा अनर्थ ओढवतो.

युरोपात तो क्रम कसा उलटला हे व्हेनिसच्या इतिहासात दिसते. त्या नगर-प्रजासत्ताकाने १६३८ साली सान मोइझे भागातील एका वाड्यात ‘रिदोत्तो’ नावाचे सरकारी द्यूतगृह उघडले. गल्लीबोळांतून चालणारा जुगार डोळ्यांसमोर यावा, हा त्यातील हेतू मोठा शहाणपणाचा होता. खेळणाऱ्याने मुखवटा घालावा आणि पट सांभाळण्याचा मान केवळ उमरावांना असावा, असा दंडक पडला. निर्धन झालेल्या उमराव घराण्यांतील पुरुषांना तेथे काम मिळाले. परंतु सव्वाशे वर्षांत नगराचे कारभारी कुलच त्या पटावर कंगाल होऊ लागले आणि अखेर १७७४ मध्ये महासभेलाच ते दार बंद करावे लागले. उत्पन्न बुडाले, खेळ मात्र बुडाला नाही. तो पुन्हा खाजगी दालनांत शिरला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १७९७ मध्ये, ते प्रजासत्ताकही लयास गेले. रिदोत्तोमुळे व्हेनिस बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु शासनाला एकदा या पैशाची सवय लागली की दार उघडे ठेवणे आणि बंद करणे ही दोन्हीही महाग पडतात, एवढे मात्र त्यावरून दिसते.

विसाव्या शतकातील काम्पिओने दितालिया या गावाची गोष्ट याहून बोलकी आहे. हे इटलीचे गाव लुगानो सरोवराच्या काठी असून चोहोबाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेले आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तेथे जे द्यूतगृह निघाले त्याचा एक उद्देश परकीय मुत्सद्द्यांच्या तोंडून बातम्या काढणे हा होता. कौटिल्याला ही योजना खचितच आवडली असती. १९३३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि पुढे गावची नगरपालिकाच त्याची मालक बनली. द्यूतगृहाच्या उत्पन्नावर शाळा, रस्ते, पगार, सारे काही चालू लागले. कारभाऱ्यांची हिंमत वाढली. २००७ साली मारिओ बोत्ता या नामांकित वास्तुविशारदाने आखलेली अवाढव्य इमारत गावाच्या डोक्यावर उभी राहिली. गाव मात्र अवघे दोन हजार वस्तीचे! पुढे ग्राहक घटले, स्विस फ्रँक महागला, कर्ज वाढले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने संस्थेचे दिवाळे जाहीर केले. सुमारे पाचशे लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. नगरपालिकाही त्याच वर्षी आर्थिक दृष्ट्या कोसळली. कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला आणि बालवाडीसुद्धा बंद पडली. २०२२ मध्ये द्यूतगृह पुन्हा उघडले. गावाला दुसरा आधारच उरला नव्हता.

आता आपल्या परिसराकडे वळू. आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ हे लक्ष्मीनारायणाच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. त्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही तीरांवर मराठी बोलली जाते, सोयरिकी जुळतात. परंतु जुगाराचा कायदा नदीबरोबर बदलतो. अलीकडे, म्हणजे जैनथच्या बाजूस, १९७४ चा गेमिंग कायदा आहे आणि २०१७ मध्ये तेलंगणाने त्याची कक्षा ऑनलाइन खेळांपर्यंत वाढविली. पलीकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. पण त्याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःची राज्य लॉटरी काढली आणि १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदाही संमत केला. गंमत अशी की, तो कायदा कधी अमलात आलाच नाही. जवळजवळ अर्धे शतक तो पुस्तकात झोपून राहिला आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. मोह झाला होता. पाऊल मात्र उचलले गेले नाही.

त्याच १९७६ साली गोव्यातही सार्वजनिक जुगाराविषयी कायदा झाला आणि तेथे पाऊल उचलले गेले. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रे आली. १९९६ च्या दुरुस्तीने समुद्रावरील जहाजांत पटावरचे खेळही कायदेशीर ठरले. प्रत्यक्षात जहाजे खोल समुद्रात गेली नाहीत. ती पणजीसमोर मांडवीतच नांगरून राहिली. आरंभी एक होते, पुढे सहा झाली. परवाना राज्य सरकारचा, शुल्क राज्याच्या तिजोरीत, नदीचा ताबा बंदर खात्याकडे. आणि किनाऱ्यावरची गर्दी, वाहने व कचरा मात्र पणजी महानगरपालिकेच्या वाट्याला! काम्पिओनेत नगरपालिका मालक होती म्हणून बुडाली. पणजीत ती मालक नाही म्हणून हतबल राहिली.

अशा शहरातील महापौरपद हे मोठे विचित्र आसन आहे. २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या महानगरपालिकेत तीस नगरसेवक आपल्यातून एक वर्षासाठी महापौर निवडतात. आसन क्षणभंगुर, अधिकार तुटपुंजे. म्हणून नजर साहजिकच विधानसभेकडे जाते. महापौरपद भूषविलेले सुरेंद्र फुर्तादो २०१५ च्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि पराभूत झाले. मनोहर पर्रीकर यांनी विरोधी पक्षात असताना कॅसिनोंविरुद्ध आवाज उठविला होता. २०१२ मध्ये ते सत्तेवर आले, तरी जहाजे हलली नाहीत. त्यांच्या निधनानंतर २०१९ च्या मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. तीत बाबूश मोन्सेरात यांनी, शंभर दिवसांत कॅसिनो मांडवीतून घालवू, असे वचन दिले व ते काँग्रेसतर्फे निवडून आले. जुलैत त्यांनी आणखी नऊ आमदारांसह सत्ताधारी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. २०२१ मध्ये त्यांचे पुत्र रोहित मोन्सेरात पणजीचे महापौर झाले. शंभर दिवस केव्हाच उलटले. जहाजे मांडवीतच राहिली.

यात एका पक्षाचा वा एका घराण्याचा दोष शोधून भागणार नाही. पक्ष बदलले, माणसे बदलली, वचन देणारे बदलले; बदलला नाही तो तिजोरीचा हिशेब. विरोधात असताना जी जहाजे शहराची विटंबना वाटतात, तीच सत्तेवर आल्यावर अंदाजपत्रकातील जमेची रक्कम होतात. सरकारचे मन मात्र पूर्णपणे स्वस्थ नसते, याचीही एक खूण आहे. गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश नसावा असा नियम २०२० मध्ये अमलात आणण्यात आला. मोनॅकोतही तेथील नागरिकांना मॉन्टे कार्लोच्या पटावर बसण्यास मनाई आहे. घरच्या मुलांना जे देऊ नये ते पाहुण्याला विकावे, असा हा व्यवहार आहे. तो फायदेशीर असेल. पण विक्रेत्याला आपल्या मालाची परीक्षा आहे, हेही त्यावरून उघड होते.

नगर म्हणजे केवळ जमाखर्चाची वही नव्हे, हे खरे. परंतु वहीशिवाय नगर चालत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून द्यूताविरुद्ध केवळ नीतीचे प्रवचन करून हा प्रश्न सुटत नाही. विचारावयाचे ते एवढेच, की हे उत्पन्न उद्या थांबले तर गावची शाळा, दिवे आणि नळ चालू राहतील काय? उत्तर ‘होय’ असेल तर नगरपित्यांच्या हाती दार बंद करण्याची सत्ता अजून आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर कागदोपत्री मालकी कोणाचीही असो, नगराचा खरा धनी तो पटच झाला असे समजावे. पुढच्या वेळी मते मागावयास येणारा उमेदवार जहाजे हटविण्याचे वचन देऊ लागला, तर त्याला तारीख विचारू नका. तेवढे उत्पन्न तो दुसरीकडून कोठून आणणार, ते विचारा.